लक्ष्मी सीमेवर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी

यात्रेच्या शेवटी ग्रामदेवी लक्ष्मी गावाच्या सीमेवर गेली की दुसऱ्या दिवशी आमचं गाव उशिरापर्यंत उठत नाही. नऊ दिवसांची जागरणं, पाहुण्यांची ये-जा, भंडाऱ्यानं पिवळे झालेले रस्ते, आणि मग एकदम शांतता. २०१९ च्या यात्रेनंतरची ती सकाळ मला नीट आठवते, कारण मी लवकर उठले होते. उरलेल्या अन्नाची पाटी घेऊन परड्यातनं नाल्याकडं गेले आणि मोरीपाशी, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलापाशी, थांबले.

नाला दिसतच नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत थर्माकोलची ताटं, प्लॅस्टिकचे पेले, चंदेरी द्रोण, आणि त्यावर वाळलेला रस्सा. दोन गाई त्यात तोंड घालून उभ्या होत्या. एकीच्या तोंडात द्रोण होता आणि ती तो चावत नव्हती, गिळत होती. मी धावत जाऊन ओढला तर अर्धा हातात आला. त्या द्रोणावर निळ्या फुलांची किनार होती. आमच्याच घरी आणलेले ते द्रोण. दुकानातनं मीच निवडून आणले होते, दिसायला चांगले म्हणून.

यात्रेत आमच्या एका घरी दोन दिवसांत सातशेच्या आसपास पानं उठली होती. हे काही विशेष नाही. आमच्याकडं यात्रा म्हणजे माहेरवाशिणी, सोयरे, मुलांचे मित्र, आमच्या पिठाच्या गिरणीतले लोक, रस्त्यात भेटलेला माणूससुद्धा, सगळ्यांना जेवल्याशिवाय सोडायचं नसतं. गोड जेवण एकदा आणि तिखट जेवण एकदा. गावात साडेतीनशे घरं. तेव्हा मी हिशेब केला नाही. हिशेब ऑगस्टमध्ये झाला.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस बेळगाव जिल्ह्यात कुणी विसरेल असं वाटत नाही. आमचं गाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, मार्कंडेय नदीच्या काठावर. वर राकसकोप धरण. बेळगाव शहर जे पाणी पितं त्यातलं बरंचसं त्या धरणातलं. पातळी २४७५ फुटांवर पोचली की धरण भरतं आणि जादा पाणी नदीत येतं. त्या वर्षी नदी नाल्यात उलटी शिरली. पूर पावसानं आला, ताटांनी आणला नाही, हे मला कळतं. खरं नदी उतरल्यावर बाकीच्या शिवारातलं पाणी चार दिवसांत निघालं आणि आमच्या मोरीच्या वरच्या अंगाला ते अकरा दिवस राहिलं. मोरी तुंबली होती. पोरांनी पहार घालून जे बाहेर ओढलं त्यात जलपर्णी होती, उसाचा पाला होता, एक गादी होती, आणि यात्रेतली ताटं होती, चिखलात थर लागून बसलेली. आमचं पाऊण एकर भात त्या अकरा दिवसांत कुजलं. धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, वेळेवर झालेली कोळपणी, सगळं गेलं. आमच्या शेजारच्या तात्यांचं त्याहून जास्त गेलं.

हे सगळं लिहायला बसायचं कारण म्हणजे मागच्या वर्षीची, २०२५ ची यात्रा. त्याआधी वाराबद्दल सांगायला पाहिजे, कारण बेळगाव-खानापूरच्या बाहेरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

यात्रा ठरली की देवस्की पंच मंडळी, म्हणजे गावच्या देवकार्याचं बघणारे पंच, वार जाहीर करते. मंगळवार आणि शुक्रवार. दवंडी फिरते आणि त्या दिवशी गाव वार पाळतं. शेतात कुणी पाय ठेवत नाही. बैल जुंपत नाहीत, ट्रॅक्टरही निघत नाही. आमच्या गावात कपडे धुत नाहीत, फोडणी घालत नाहीत, आणि आमची गिरण बंद. आदल्या दिवशी रात्री दहापर्यंत पट्टा फिरत असतो, कारण सगळ्यांना पीठ आधी करून ठेवायचं असतं. मग वाराच्या दिवशी सकाळी जी शांतता येते ती मी शब्दांत सांगू शकत नाही. गिरणीचा आवाज माझ्या कानात लग्न होऊन आल्यापासून आहे. तो थांबला की लांबच्या शेतातल्या टिटवीचा आवाज घरात ऐकू येतो.

वार मोडला तर दंड आहे, खरं दंडाच्या भीतीनं कुणी वार पाळत नाही. नोकरीला बेळगावला जाणारी मुलं, औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारी, तीसुद्धा घरच्या शेतात त्या दिवशी जात नाहीत. कॉलेजात शिकून आलेली, देवाला हात न जोडणारी माझी पुतणीसुद्धा वाराच्या दिवशी फोडणी घालत नाही. मी एकदा तिला विचारलं, का गं? ती म्हणाली, "सगळं गाव पाळालंय, मी एकटीनंच का मोडू?"

तिच्या या एका वाक्यावर मी खूप विचार केला. पर्यावरणाबद्दल जे काही मी वाचते त्यात माणसांना समजावलं पाहिजे, जागृती केली पाहिजे असं असतं. आमच्या शाळेच्या भिंतीवर झाडाचं चित्र आहे, पृथ्वीचं चित्र आहे, खाली सुविचार आहे. ती भिंत वीस वर्षं तशीच आहे आणि नाला वीस वर्षांत भरत गेला. समज कुणाला कमी आहे असं मला वाटत नाही. गिरणीत रांगेत बसलेली प्रत्येक बाई मला सांगते की प्लॅस्टिक वाईट. आणि पीठ प्लॅस्टिकच्या पिशवीतनं घेऊन जाते, कारण सगळे नेतात. एकटीनं काही सोडणं जड जातं. सगळ्या गावानं मिळून सोडायचं म्हटलं तर आमच्या गावाला ते शेकडो वर्षं येतंय.

कायदा होताच. कर्नाटकात २०१६ च्या मार्चमध्येच पिशव्या, ताटं, पेले, थर्माकोल यांच्यावर बंदी आली. माझं माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, तिथं २०१८ ला आली. १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तू बंद झाल्या. दोन राज्यांतल्या दोन घरांत मी वावरते, आणि दोन्हीकडं लग्नात तेच द्रोण बघितले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर यात्रेची पहिली बैठक लक्ष्मीच्या देवळात झाली. बायका अशा बैठकीला मागं, खांबांच्या पलीकडं बसतात. कुणी मनाई केलेली नाही, तशी रीत आहे. आमचा स्त्रीशक्ती संघ आहे, म्हणजे बायकांचा बचत गट, मी त्याची हिशेबनीस. आम्ही अठराजणींनी आधी दोन आठवडे गिरणीत बोलून ठरवलं होतं की यावेळी विषय काढायचा. तरी उठून उभं राहताना माझे पाय थरथरत होते. मी म्हणाले, यात्रेच्या जेवणाला गावात एकही फेकायचं ताट येऊ नये. वार जाहीर करता तसं हेही पंचांनी जाहीर करावं. दवंडीत सांगावं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक वयस्कर मामा म्हणाले, "आमच्या लहानपणी पत्रावळ्याच होत्या की. वडाच्या, पळसाच्या. आम्हीच लावत होतो." त्यावर दुसरे म्हणाले, आता लावणार कोण, पानं कुठली आणणार, पळस राहिलाय कुठं. मशीनवर दाबलेल्या पत्रावळ्या मिळतात, खरं त्यातल्या कितीतरी पत्रावळ्यांना खालनं प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. मी एक नेली होती, ती सोलून दाखवली. पापुद्रा हातात अख्खा निघून आला. तो हातोहात फिरला.

आणि मग मागनं, आमच्याच बाजूनं, माझ्या आत्तीचा आवाज आला. आत्ती म्हणजे सासूबाई. त्या म्हणाल्या, "स्टीलची ताटं आणशीला. ताटं घासणार कोण, ते आधी सांग."

हा प्रश्न मी माझ्या मनात विचारलाच नव्हता. दोन आठवडे आम्ही पैशांचं बोललो, दुकानांचं बोललो, आणि सातशे ताटं कुणाच्या हातानं धुतली जाणार हे सगळ्याजणींनी गृहीत धरलं होतं. आत्तींचं वय तेव्हा बहात्तर. त्यांनी अशा कितीतरी यात्रा काढल्या आहेत, पितळेच्या ताटांच्या काळातल्या. त्यांना घरच्या मोरीवर बसून पहाटेपर्यंत भांडी घासणं काय असतं ते माहीत होतं, आणि थर्माकोलचं ताट आलं तेव्हा ते बाईच्या कंबरेला किती मोठी सुटका वाटलं होतं हेही माहीत होतं. गावातल्या बाईनं ते ताट आळसानं घेतलं नाही. मी हे इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण जुन्या पद्धतीकडं परत चला असं म्हणणाऱ्यांचं मी पुष्कळ वाचते, आणि जुन्या पद्धतीतलं काम कुणाच्या वाट्याला होतं ते त्यात सहसा नसतं.

बैठक त्या दिवशी तिथंच मोडली. पुढच्या बैठकीपर्यंत आम्ही तरुण मंडळाच्या पोरांशी बोललो. गणपतीत मंडप घालणारी, रात्रभर जागणारी हीच पोरं. सरळ सांगितलं, ताटं आम्ही आणतो, धुवायचं तुम्ही. पहिल्यांदा हसले. मग त्यांच्यातला एकजण, पुरात ज्यांचं भात गेलं त्या तात्यांचा मुलगा, म्हणाला, "धुतो की. मोरीतनं ती ताटं मीच काढलोय." त्याच्यानंतर बाकीच्यांना नाही म्हणता आलं नाही. यादी झाली, गल्लीवार पाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या बैठकीत पंचांनी मान्य केलं. वाराच्या दवंडीबरोबर ताटाची दवंडी फिरली: घरोघरी जेवणाला स्टील, नाहीतर केळीचं पान. फेकायचं ताट कुणाच्या दारात दिसलं तर वार मोडल्यासारखं धरलं जाईल.

पैशांचं सांगते, कारण दुसऱ्या गावच्या बायका मला तेच आधी विचारतात. संघाच्या बचतीतनं आम्ही तीनशे ताटं, तीनशे वाट्या, तीनशे पेले बेळगावच्या बाजारातनं घाऊक भावात आणले. तीनशेत यात्रा निघणार नव्हती. तेव्हा एका बाईला सुचलं की घरात कुणी वारलं तर त्यांच्या नावानं आपण देवळाला समई देतो, घंटा देतो, तसं ताट द्यावं. मशीनवाला भांड्यावर नाव कोरून देतो तसं नाव कोरून. एका महिन्यात ताटं बाराशेच्या वर गेली. कुणी पाच दिली, कुणी पंचवीस. मी माझ्या वडिलांच्या नावानं अकरा दिली. आता पंगतीत बसलं की ताट वाढायच्या आधी माणसं ताटाच्या काठावरचं नाव वाचतात. कैलासवासी अमुक. हे आमच्या शेजारचे, हे माझे मामा. अशा ताटात कुणी अन्न टाकत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं. आम्ही असं काही योजलं नव्हतं.

धुण्याची पद्धत पोरांनी शोधली. तीन मोठे हौद. पहिल्यात खरकटं उतरवायचं, दुसऱ्यात घासायचं, तिसऱ्यात गरम पाण्यातनं काढायचं. चुलीची राख चाळून घेतली आणि तीच घासायला. नळाखाली धरून धुतलं असतं तर टाकीच रिकामी झाली असती. पहिल्या हौदातलं खरकटं म्हशींना. दुसऱ्या-तिसऱ्यातलं पाणी शाळेमागं खणलेल्या चरात सोडलं, तिथं केळी लावल्या आहेत. साबण नसल्यामुळं ते जमलं. रात्री बारा वाजता पंचवीस-तीस पोरं गाणी म्हणत ताटं धुतात आणि त्यांच्या आया ओट्यावर बसून बघतात, हे दृश्य मी आधी बघितलं नव्हतं. आत्ती खुर्ची टाकून बसल्या होत्या. कुणाच्या ताटाला तूप राहिलं की परत घासायला लावत होत्या.

यात्रा संपली. लक्ष्मी सीमेवर गेली. दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन पुन्हा मोरीपाशी गेले. स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. पाण्याच्या बाटल्या होत्या, खेळण्यांच्या दुकानांचं प्लॅस्टिक होतं, पाळण्यांच्या बाजूला कुरकुऱ्यांच्या पुड्या होत्या. बाहेरनं येणाऱ्या दुकानदारांना दवंडीत कुणी धरलंच नव्हतं. ती आमची चूक. खरं नाल्यात पाणी दिसत होतं.

नाला साफ करायचं काम त्याच उन्हाळ्यात उद्योग खात्रीतनं, म्हणजे रोजगार हमीतनं, झालं. पंचायतीत कामाची मागणी लिहून द्यावी लागली, नमुना भरावा लागला, पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, मागं लागावं लागलं. ते सगळं करून चाळीसजणींना हजेरी मिळाली आणि सतराशे फुटांचा नाला मोकळा झाला. जलपर्णी काढणं सगळ्यात अवघड. वरनं उपटली तरी एक तुकडा राहिला की पंधरा दिवसांत दुप्पट होते. शहराचं सांडपाणी मिळालं की ती अशी माजते. आमच्या नाल्यात ती कमी आहे, बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात बघा. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातलं भात, ज्या बासमतीच्या वासावर एके काळी बेळगावचं नाव चालायचं ते भात, दरवर्षी त्या नाल्याच्या पाण्याखाली जातं. तिथले शेतकरी वर्षानुवर्षं मागणी करत आहेत, नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढा, सांडपाणी अडवा. त्या नाल्याचं पाणीही शेवटी मार्कंडेयलाच मिळतं. मार्कंडेय पुढं गोकाकजवळ घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. आमच्या खाली किती गावं आहेत, आणि ती आम्ही कधी मोजली नाहीत. आमच्या मोरीतनं जे सुटलं ते पुढं कुणाच्यातरी मोरीत अडकलं असणार.

काढलेली जलपर्णी नाल्याच्या काठावरच टाकली असती तर पहिल्या पावसात परत आत गेली असती. आम्ही ती पाच-सहा दिवस उन्हात वाळवून शेणाबरोबर खड्ड्यात घातली. पावसाळ्यानंतर तिचं खत झालं. रताळ्याच्या वाफ्यात मी तेच घातलं. आमच्या लाल मातीत रताळी चांगली लागतात, यंदा जास्त लागली. ते खतानं की पावसानं, हे एका वर्षात सांगता येत नाही.

बेळगावला गेले की मी कधी कधी टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी थांबते. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं, तेव्हा जमणाऱ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून ती खणली. काही दिवसांच्या गर्दीसाठी शंभर वर्षं टिकणारी विहीर. आमच्या यात्रेलाही गर्दी होते, टँकर येतात, जातात. आमच्या गावच्या जुन्या विहिरीत मी लग्न होऊन आले तेव्हा बायका घागरी भरत होत्या, नंतर नळ आले आणि लोकांनी तिच्यात निर्माल्य टाकायला सुरुवात केली. तिचा गाळ काढायचा हा संघाचा पुढचा विषय आहे. २०२३ चा जून कोरडा गेला होता, नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, तेव्हा सगळ्यांना ती विहीर आठवली होती. पाऊस आला आणि विसरली.

आता जे जमलं नाही ते. ताटाच्या यशानं मला जोर आला आणि मी उसाच्या पाल्याचा विषय काढला. तोडणी झाली की आमच्याकडं फड पेटवतात. संध्याकाळी गिरणीच्या दारात काळी राख उडून येते, पिठात पडते. हेक्टरी आठ ते दहा टन पाला निघतो. तो जाळायच्याऐवजी खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर परत फुटणाऱ्या उसाच्या, सरीत दाबला आणि टनामागं आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, एक किलो पाला कुजवणारे जिवाणू घातले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचं खत होतं, ओल टिकते, तण कमी येतं. आमच्या अर्ध्या एकरात घरच्यांनी हे दोन वर्षं केलंय. मी पंचांना म्हणाले, पाला न पेटवायचा वार करा.

पंचांतले सगळ्यात थोरले मामा माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बाळ, देवाचा वार आणि तुझा पाला एक नव्हे. ताट लक्ष्मीच्या जेवणाचं होतं, म्हणून दवंडी दिली. शेत ज्याचं त्याचं. उद्या एकानं येऊन म्हणालं, अमक्याचं बियाणं घ्यायचा वार करा, तर?"

मला राग आला होता. घरी येऊन मी आत्तींना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मामा बरोबर बोलाल्यात." दोन दिवसांनी मलाही ते पटलं. गावाचा शब्द चालतो कारण तो क्वचित वापरला जातो. वर्षाला चार दवंड्या निघायला लागल्या तर पाचवी कुणी ऐकणार नाही. शिवाय पाला पेटवणाऱ्याची अडचण खोटी नाही. तोडणीची टोळी पाला असला की आत शिरत नाही, उंदीर होतात, आणि शेजारच्याचा फड पेटला तर आपल्या पाल्याला आग लागून खोडवा जातो. आमच्या ओळखीच्या एकांचा तसा गेला. हे दवंडीनं सुटत नाही. हे शेताला शेत लागून असणाऱ्या चार-पाचजणांनी बसून सोडवायचं आहे. म्हणून आता आम्ही बांधाला बांध असलेल्यांना एकत्र करतो. आतापर्यंत अकराजण पाला ठेवतात, आणि ते अकरा सलग आहेत. बाकीचा शिवार अजून पेटतो.

कचऱ्याच्या गाडीचं थोडक्यात. पंचायतीची गाडी आठवड्यातनं दोनदा येते. चौकात फलक लागला, हिरवी बादली, निळी बादली, खाली सूचना कन्नडमध्ये. आमच्या पिढीतल्या बऱ्याचजणींना कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. सहा महिने लोक दोन्ही बादल्यांत सगळं टाकत होते आणि लोक ऐकत नाहीत अशी तक्रार होत होती. माझी मुलगी मराठी शाळेत आठवीत आहे, तिला कन्नड वाचता येतं. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी पुठ्ठ्यावर लिहून फलकाखाली बांधलं: हसी कस म्हणजे ओला कचरा, ओण कस म्हणजे सुका. खाली कांद्याच्या सालीचं आणि दुधाच्या पिशवीचं चित्र. पुढच्या आठवड्यात गाडी चालवणारी बाई मला म्हणाली, "तुमच्या गल्लीत आता हाताला काम कमी झालंय अक्का." तीही दुसऱ्या संघातलीच आहे, सौंदत्तीकडची, तिला मराठी मोडकं येतं, मला कन्नड मोडकं. आमचं नीट जमतं.

ताटं आता वर्षभर फिरतात. लग्न, बारसं, तेरावं, शेजारच्या गावांच्या यात्रा. शंभर ताटांना दिवसाला शंभर रुपये, हरवलं तर नवीन ताट. नोंदवही गिरणीत असते, आणि गिरणीत माझ्याइतका दुसरा कुणी बसत नाही, त्यामुळं हिशेब माझ्याकडं. गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या एका गावात चारशे ताटं गेली होती. त्या गावात निम्मी घरं कन्नड, निम्मी मराठी. परत आली तेव्हा मी आणि मुलगी ओट्यावर बसून मोजत होतो. चारशे एक.

पुन्हा मोजली. चारशे एकच. एकेका ताटाचं नाव बघत गेलो, तर एक आमचं नव्हतं. काठावर कन्नडमध्ये कोरलेलं. मुलीनं अक्षरं लावून वाचलं, कुणाच्या तरी आईचं नाव होतं, खाली साल. कुणीतरी घरातलं ताट पंगतीत घेऊन बसलं असेल आणि धुताना ते आमच्या ढिगात आलं असेल.

कुणाच्या आईच्या नावाचं ताट आपल्याकडं ठेवणं मला बरं वाटेना. रविवारी गाडीवर मागं बसून घेऊन गेले, विचारत विचारत घर शोधलं. दारात माझ्याच वयाची बाई होती. मी ताट पुढं केलं, जमेल तशा कन्नडात सांगितलं. तिनं ताट हातात घेतलं, पदरानं पुसलं, नावावरनं बोट फिरवलं. मला आत बसवलं, चहा दिला. निघताना ताट परत माझ्या पिशवीत घातलं.

"इर्ली बिड्री अक्का," ती म्हणाली. राहू द्या. "तुमच्या ताटांत राहू द्या."

नोंदवहीत मी आता बाराशे त्रेचाळीस लिहिलंय.